चार रिकामी छिद्रं आणि आईचं दार

वर्गात असताना मी फोन टेबलाच्या खणात ठेवते, आवाज बंद करून. त्या मंगळवारी दोन तास लागोपाठ होते. तास संपवून खण उघडला तर फोनवर अकरा मिस्ड कॉल. सगळे एकाच नंबरावरून, आईच्या घरासमोर राहणाऱ्या काकांचे. मी उभ्या उभ्याच फोन लावला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला.

"मास्तरीणबाई बऱ्या हायत. तू घाबरू नको. पण आमाला कडी तोडावी लागली."

मी जिंतूरच्या एका शाळेत संगणक शिकवते. आई चुडाव्याला एकटी राहते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, म्हणून गाव आईला मास्तरीणबाई म्हणतं. गावातल्या जुन्या वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या, पण निवृत्त व्हायच्या आधी बाबांनी हट्टानं स्टेशनाच्या रस्त्याला प्लॉट घेतला आणि तिथं घर बांधलं. त्या रांगेत बौद्धाचं घर आमचं एकच. रूळ तिथून दीडशे पावलांवर. चार वर्षांपूर्वी बाबा गेले आणि त्यानंतर आईचे कान हळूहळू गेले. आधी फोनवरचं कळेना, मग दारावरचं, मग समोर बसलेल्या माणसाचंही. नांदेडहून आणलेलं कानातलं मशीन तिनं आठ दिवस वापरलं. "नुसत्या शिट्ट्या वाजायल्यात," म्हणाली आणि ते बाबांच्या चष्म्याच्या घरात ठेवून दिलं. तेव्हापासून आम्ही तिच्याशी वहीत लिहून बोलतो. ती वाचते आणि तोंडानं उत्तर देते, तेही गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

त्या मंगळवारी काका शेतातल्या शेंगा द्यायला आले होते. दार आतून बंद. त्यांनी कडी वाजवली, खिडकीतून हाका मारल्या, मला फोन लावले. अर्धा तास झाला तसे शेजारपाजारचे जमले आणि शेवटी त्यांनी पहार घालून दार उघडलं. आई मागच्या अंगणात दाराकडे पाठ करून तुरीची डाळ निवडत होती. तिनं सहज वळून पाहिलं तर स्वयंपाकघरात आठ-दहा माणसं उभी.

"चपला घालून ओट्यापर्यंत आले," ती नंतर मला म्हणाली. "मी मेले म्हणून बघायला आले, माय. मी जित्ती बसलेली." दुसऱ्या दिवसापासून तिनं काकांशी बोलणं टाकलं. पंधरा वर्षांचा शेजार, पण ती त्यांच्या घराकडे बघेनाशी झाली.

पुण्याहून दादाचा फोन आला. त्याचं ठरलं होतं. "आता बास. दसऱ्याच्या सुट्टीत येतो, रविवारी, आणि आईला घेऊन जातो. कायमचं." सुट्टीला चुडाव्याला गेले तेव्हा मी आईला वहीत लिहून दाखवलं. तिनं वाचलं, वही मिटली आणि पिठाचा डबा काढला. तिला नको असलं की ती पीठ मळायला घेते.

मला मात्र ते अकरा कॉल चैन पडू देईनात. शिकवताना मधेच खण उघडून बघायचे. जेवताना पाय हलत राहायचा. आईला काही झालं असतं तर मी त्या वेळी मुलांना कीबोर्डवरची बटणं समजावत होते, हे मनातून जाईना. म्हणून मी ते यंत्र करायला घेतलं. खरं सांगायचं तर बसून राहवेना म्हणून घेतलं.

यंत्र साधं होतं. दाराला आतून एक पितळी चकती चिकटवायची, खेळण्यातल्या बझरमध्ये असते तसली. दारावर थाप पडली की ती थरथरते आणि थोडीशी वीज तयार होते. ती वीज एका तयार बोर्डावरच्या छोट्या चिपनं ओळखायची आणि घरात तीन ठिकाणी दिवे लावायचे, स्वयंपाकघरात, खाटेपाशी आणि मागच्या अंगणात. दिवे म्हणून मी मोटारसायकलच्या इंडिकेटरचे पिवळे बल्ब घेतले. सगळं बॅटरीवर चालणार होतं, कारण चुडाव्याला लाईटीचा भरवसा नाही. जिंतूरला माझ्या न्हाणीच्या दाराला लावून मी आठवडाभर ते तपासलं. थाप मारली की दिवा लागायचा. मी गुरुवार ते शनिवार रजा टाकली, पिशवीत सगळं भरलं, एसटीनं परभणी गाठली आणि तिथून पॅसेंजरनं चुडावा.

गुरुवारी दुपारपर्यंत चकती चिकटली, वायरी भिंतीवरून गेल्या, दिवे टांगले गेले. आई खाटेवर बसून बघत होती. "एवढ्या वायरी कामून गं?" तिनं दोनदा विचारलं. मी वहीत लिहायचा कंटाळा केला. हातानंच 'थांब' म्हणाले. राहिली होती फक्त बॅटरीची दोन टोकं. लाल कुठलं आणि काळं कुठलं हे बघायला दोन सेकंद लागतात. मी ते बघितलं नाही. उलटी जोडली.

फट्‌ असा बारीक आवाज आला आणि बोर्डातून धुराची एक रेघ वर गेली. आईला आवाज आला नाही, वास आला.

"काय जळायलंय?"

मी तिच्याकडे बघितलंच नाही. बोर्ड इतका तापला होता की हातात धरवेना. त्यावरची चिप मधोमध फुगली होती.

माझ्याजवळ एक जादा चिप होती. तशीच अठ्ठावीस पायांची, फोमच्या तुकड्यात खोचलेली, शाळेच्या प्रदर्शनासाठी घेतलेली. पण ती कोरी होती, आणि सगळी अडचण तिथंच होती. जळालेल्या बोर्डावरच्या चिपमध्ये कारखान्यातच एक छोटा प्रोग्राम भरलेला असतो. 'कुणी काही पाठवलं तर ऐकून घे आणि आत साठव' एवढंच त्याचं काम. तो असला की साध्या यूएसबी वायरीनं चिपला काहीही शिकवता येतं. कोऱ्या चिपमध्ये तो नसतो. तिच्याशी बोलायचं तर तिच्या चार ठरलेल्या पायांवरून, एकेक ठोका देत बोलावं लागतं, आणि त्यासाठी प्रोग्रामर नावाचं वेगळं यंत्र लागतं. ते माझ्याकडे नव्हतं. परभणीच्या दुकानदाराला फोन केला.

"मागवावं लागंल, मॅडम. चार दिवस धरा."

चार दिवस म्हणजे सोमवार. दादा रविवारी येणार होता.

मी घरात येरझाऱ्या घालायला लागले. अंगणात गेले, आत आले, परत गेले. आई म्हणाली, "एका जागी बस. मला घेरी यायलीय." घरात मोबाईलला नीट रेंज नव्हती, म्हणून मी लॅपटॉप घेऊन स्टेशनवर गेले. प्लॅटफॉर्मच्या टोकाला सिमेंटच्या बाकावर इंटरनेट बरं मिळतं. तिथं बसून मी शोधत राहिले. एक गाडी आली, गेली. आणि एका परदेशी माणसानं लिहिलेलं सापडलं, की ज्यांच्याकडे प्रोग्रामर नाही त्यांनी आपल्या यूएसबी सिरियल अडॅप्टरच्या रिकाम्या पिना बघाव्यात.

सिरियल अडॅप्टर माझ्या पिशवीत होता. टपालाच्या तिकिटाएवढा लाल बोर्ड, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला सहा पिना. त्यातल्या पाठवायच्या, घ्यायच्या आणि विजेच्या अशा चारच मी एरवी वापरायचे. पण बोर्डाच्या दोन्ही कडांना ओळीनं रिकामी छिद्रं होती, शेजारी मुंगीएवढी अक्षरं. एके काळी मोडेमची घंटी वाजली का, पलीकडचा तयार आहे का, असले निरोप द्यायला त्या पिना होत्या. आता त्यांना कुणी विचारत नाही. मीही तीन वर्षं तो बोर्ड वापरत होते आणि ती छिद्रं कशाला आहेत हा विचार कधी केला नव्हता. त्या माणसानं लिहिलं होतं, की अडॅप्टरला तसं सांगितलं तर तो यातला प्रत्येक पाय सुटा सुटा वर-खाली करू शकतो. म्हणजे चार रिकाम्या छिद्रांना चार वायरी जोडायच्या आणि कोऱ्या चिपच्या चार पायांना द्यायच्या. एक चिपला जागं करणारी, एक ठोका देणारी, एक आत जाणारी, एक बाहेर येणारी. झाला प्रोग्रामर.

मी बाकावरून उठून जवळजवळ पळतच घरी आले.

छिद्रांना वायर जोडायची तर डाग द्यावा लागतो आणि डाग द्यायला सोल्डरिंगची इस्त्री तापवावी लागते. रात्री ती बारीक छिद्रं नीट दिसेनात म्हणून सकाळवर ठेवलं, आणि शुक्रवारी सकाळी लाईट गेली. आमच्या फीडरला आठवडाभर दिवसा लाईट नव्हती, हे मला आईनं तेव्हा सांगितलं. इन्व्हर्टर गल्लीत एकाच घरी होता. समोर, काकांकडे.

मी वहीत लिहिलं, 'काकांकडे जाऊन येते. इस्त्री तापवायची आहे.'

आईनं वाचलं. "न्हाई जायचं."

'दहाच मिनिटं.'

"पूर्णेला जा. दुकानात जा. त्यांच्या दारात न्हाई जायचं."

मी वही टेबलावर टाकली आणि गेले. मागून ती मोठ्यानं काहीतरी बोलत होती. काका ओसरीवर बसून हे सगळं बघत, आणि अर्थातच ऐकत होते. मी इस्त्री दाखवली तसं त्यांनी काही न विचारता आतल्या खोलीतला प्लग दाखवला आणि स्वतः दारापाशी उभे राहिले.

मी जमिनीवर बसून डाग द्यायला लागले. दोन छिद्रांमध्ये खसखशीच्या दाण्याएवढं अंतर, आणि कथील एकातून दुसऱ्यात वाहायचं. तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा काका म्हणाले, "बाई लय रागात हायत का गं?"

"आहे राग."

"असू दे." त्यांनी चौकटीला पाठ टेकवली. "माझी एक चुलती होती. वस्तीवर एकटी राहायची. दोन दिवस दार बंद होतं तिचं. आमी सगळे येता-जाता बघायलो. कडी तोडावी का नको, तोडावी का नको. दुसऱ्याच्या घराचं दार कसं तोडायचं म्हणून कुणी हात लावंना. मी सुदा न्हाई लावला." त्यांनी इस्त्रीच्या टोकाकडे बघितलं. "तिसऱ्या दिवशी उघडलं. त्याच्यावर आता काय सांगू?"

चारही वायरी लागल्या. उठताना एवढंच म्हणाले, "काका, तुम्ही केलं ते बरोबर केलं." मला आणखी काही तरी म्हणायचं होतं, पण ते सुचलं ते घरी आल्यावर.

घरी येऊन मी ते सगळं वहीत लिहिलं, चुलतीचं. आईनं वाचलं. दोनदा वाचलं. मग वही उलटी ठेवली आणि चुलीपाशी निघून गेली. गॅस आहे तरी ती भाकरी चुलीवरच करते.

दुपारभर मी चिपशी झगडत होते. ब्रेडबोर्डवर, म्हणजे वायरी नुसत्या खोचता येतात अशा छिद्रांच्या पट्टीवर, चिप बसवली, अडॅप्टरच्याच विजेवर चालू केली, चार वायरी जोडल्या. अशा वेळी पहिला प्रश्न विचारतात तो चिपचं नाव. प्रत्येक चिपला एक ओळख असते, आकड्यांच्या तीन जोड्या. त्या बरोबर आल्या की समजायचं, बोलणं पोचलं. मी आज्ञा दिली. उत्तर आलं, शून्य शून्य शून्य. परत दिली. शून्य शून्य शून्य. वायरी काढल्या, परत खोचल्या. लॅपटॉपची बॅटरी साठ टक्क्यांवर, मग चाळीसवर. तिसरी चिप माझ्याकडे नव्हती, आणि ही बिघडली आहे की माझे डाग कच्चे आहेत हे कळायला मार्ग नव्हता. संध्याकाळ व्हायच्या आत मी चिडून लॅपटॉप मिटला. आईनं पुढ्यात भाकरी आणि पिठलं ठेवलं. मी दोन घास खाऊन ताट सरकवलं.

"किती घाई गं तुला," ती म्हणाली. "लहानपणी बी तसंच. बुटाचे बंद बांधायच्या आधी पळायचीस."

शनिवारी सकाळी मी कागदावर चिपचं चित्र काढलं आणि एकेक पाय मोजत गेले. आत जाणारी आणि बाहेर येणारी वायर मी अदलाबदल करून लावली होती. घाईत, बॅटरीसारखीच. बदलली. यावेळी शून्यं आली नाहीत, पण दर वेळी वेगळेच आकडे यायला लागले. म्हणजे चिप काहीतरी बोलत होती, पण धड समजत नव्हतं. परत स्टेशनवर गेले, परत ते पान वाचलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, की कोरी चिप स्वतःच्या आतल्या घड्याळावर चालते आणि ते फार हळू असतं. तिच्याशी सावकाश बोला. वही यायच्या आधी आई मला नेहमी हेच म्हणायची, सावकाश, ओठ दिसू दे. मी घरी येऊन आज्ञेत वेग कमी केला आणि एन्टर दाबलं.

तीन जोड्या आल्या. बरोबर त्याच.

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की आईनं मला बघून दाराकडे बघितलं. तिला वाटलं कुणी आलंय. मी नाही नाही म्हणत हात हलवले, आणि प्रोग्राम भरायला सोडला. स्क्रीनवर एकेक खूण पुढे सरकत होती. नेहमीच्या वायरीनं तीन-चार सेकंदांचं काम, इथं मिनिटावर मिनिट चाललं होतं. त्या वेळात मी वायरींना श्वासही लागू नये म्हणून तोंड दुसरीकडे करून बसले.

झालं. चिप चकतीला आणि दिव्यांना जोडली. बॅटरीची टोकं तीनदा बघून लावली. दारावर टकटक केलं. दिवे लागले, आणि लागूनच राहिले. मी एक सेकंद लागणं आणि एक सेकंद विझणं असं लिहिलं होतं. ते बऱ्याच वेळानं विझले. मग बऱ्याच वेळानं परत लागले. आई खाटेवरून ते बघत होती.

"झोप आलीय याला," ती म्हणाली. "किती सावकाश डोळे मिटायलंय."

दोन दिवसांत मी पहिल्यांदा हसले. चूक माझीच होती. जुना बोर्ड सोळा पट भरभर चालायचा. त्याच्या हिशोबानं लिहिलेला सेकंद या चिपला सोळा सेकंदांचा होत होता. बदलून परत भरलं, परत ती मिनिटं, आणि आता दिवे नीट उघडझाप करायला लागले.

पण बाहेरून कुणी थाप मारली आणि आत आई एकटी असली, तर ती उठेल का, हे बघायला बाहेर माणूस हवं होतं. मी गेले तर तिला माहीत असणारच. मी आईला अंगणात डाळ निवडायला बसवलं, काही सांगितलं नाही, आणि समोर जाऊन काकांना म्हणाले, "आमच्या दारावर एकदा थाप मारा ना."

ते हात पुढे न करता उभे राहिले. "मी कशाला? दुसऱ्या कुणाला सांग."

"काका, मारा."

त्यांनी दोन बोटांनी, दाराला लागेल न लागेल असं वाजवलं. मी खिडकीतून बघत होते. अंगणातला पिवळा दिवा लागला. आईनं मान वर केली. सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सारखा केला आणि स्वयंपाकघरातून चालत येऊन तिनं नवी कडी काढली.

समोर काका. मला वाटलं, आता दार परत लागतंय.

"चपला भाईर काढा," आई मोठ्यानं म्हणाली. "अन् या."

ते आत आले. आईनं चहा टाकला. तिला काही ऐकू येत नाही आणि काकांना लिहायची सवय नाही, त्यामुळे दोघं नुसतेच बसले. कप रिकामा झाल्यावर काका उठले, हात जोडले आणि गेले.

मला वाटलं झालं सगळं. तासाभरानं मालगाडी आली आणि तिन्ही दिवे नुसते पेटायला-विझायला लागले. आई उठली, दार उघडलं, कुणी नाही. पुढच्या गाडीला परत तेच. जिंतूरला माझ्या न्हाणीच्या दाराशेजारून रेल्वे जात नव्हती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चकतीला थाप काय आणि जमिनीची थरथर काय, सगळं सारखंच. मी डोकं धरून बसले. दादा सकाळी येणार, दिवसातून पंधरा-वीस वेळा आई रिकामं दार उघडणार, आणि तो म्हणणार, हेच का तुझं यंत्र?

मी वहीत लिहिलं, 'गाडीमुळे लागतोय. चकतीची ताकद कमी करते, म्हणजे फक्त जोराची थाप कळेल.'

आईनं वाचलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आत्ता गेली ती नांदेडकडची का?"

मी मान डोलावली.

"लय दिवस झाले गाडी कळून." ती खिडकीपाशी गेली. "तुझे बाबा गाडीवर घड्याळ लावायचे. ही गेली की शाळेला निघायचं, ती गेली की चहा. मला वाटलं गाड्याच कमी झाल्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "राहू दे. काढू नको गाडी."

मी लिहिलं, 'मग दारावर कुणी आलं ते कसं कळणार?'

"ते तू बघ. शिकलेली तू हायस."

मी परत लॅपटॉप उघडला. थाप म्हणजे तुटक तुटक दोन-तीन ठोके. गाडी म्हणजे न थांबता चालणारी थरथर. चिपला फक्त थोडं थांबून ऐकायला सांगायचं होतं. थरथर तीन सेकंदांच्या पुढे चालूच राहिली तर ती गाडी, मग अंगणातला एकच दिवा गाडी जाईपर्यंत शांत लावून ठेवायचा. तुटक ठोके असतील तर तिन्ही दिव्यांची उघडझाप. लिहिलं, त्या चार वायरींतून भरलं, गाडीची वाट बघितली, चुकलं, बदललं, परत भरलं. पाच वेळा. सहाव्या वेळी पॅसेंजर गेली आणि अंगणातला दिवा ती जाईपर्यंत लागून राहिला, मग विझला. आई उठली नाही. "गेली," एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी दादा आला. दारावर थाप पडली, दिवे लागले, आईनं दार उघडलं. त्याला वाटलं मी खिडकीतून बघून तिला खूण केली. मग मी सगळं दाखवलं. त्यानं वाकून चकती बघितली, वायरी बघितल्या.

"छान आहे," तो म्हणाला. "पण ती न्हाणीत पडली तर? ते काय सांगणार हा दिवा?"

तो खोटं बोलत नव्हता. दुपारभर आम्ही दोघं आईसमोर भांडलो, तिला ऐकू येत नाही हे विसरून, आणि ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत बसली. शेवटी तिनंच वही ओढली, पण लिहिलं काही नाही. "माझं काय चाललंय ते मला कुणी सांगणार का न्हाई?"

दादानं लिहिलं. पुणं, लिफ्ट, दवाखाना जवळ, नातवंडं. आईनं सगळं वाचलं.

"येईन ना. दिवाळीला येईन, पंधरा दिवस राहीन. राहायला म्हणून न्हाई येणार. तिथं मला दार कुणाचं तेच कळत न्हाई. सगळी सारखीच."

तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. माझ्याशी धड बोलला नाही, आणि पुढं महिनाभर बोलला नाही. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. ती राहावी असं तिला वाटत होतं की मला वाटत होतं? ती पुण्याला गेली असती तर ते अकरा कॉल माझ्या वाट्याला परत कधी आले नसते, हेही मला कळत होतं. याचा निकाल माझ्याकडे अजून लागलेला नाही. न्हाणीसाठी मी एक दोरी लावलीय, ओढली की काकांच्या ओसरीवर घंटा वाजते. ती आजवर एकदाच वाजली, आईनं दोरीवर परकर वाळत घातला तेव्हा. काका धावत आले होते. चपला बाहेर काढून.

आई दिवाळीला पुण्याला गेली, दहा दिवसांत परत आली. दादाच तिला सोडायला आला आणि जाताना त्यानं मला विचारलं, हे यंत्र त्याच्या सासूबाईंसाठी करता येईल का.

मग थंडीत काकांचा फोन आला. आईनं निरोप द्यायला लावला होता. "बाई म्हणायल्यात, शेळीचं काय करायचं?"

त्यांची शेळी उन्हाला येऊन आमच्या दाराला अंग घासत उभी राहायची. दिवे लागायचे, आई उठून यायची, समोर शेळी. मी शनिवारी गेले. अडॅप्टर काढला, वायरी जोडल्या आणि शेळीचं घासणं मोजायला बसले. ते धड ठोकेही नव्हते आणि धड थरथरही नव्हती. कधी दोन सेकंद, कधी दहा, मधे मधे शिंगाची एखादी खट्‌. मी तीन तास लिहीत आणि भरत राहिले. यंत्र शेळीला थाप समजत होतं, नाहीतर थापेला शेळी.

मी मान वर केली तेव्हा आई घरात नव्हती. बाहेर जाऊन बघितलं. ती दाराच्या चौकटीपाशी उकिडवी बसून, शेळी जिथं अंग घासायची नेमकी त्या कडेला, बाभळीची एक काटेरी फांदी सुतळीनं बांधत होती.

"झालं," ती म्हणाली. "चल, जेवून घे."